गेमचे फॅन-मेड मॉड (म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल किंवा भर) फुकट असतात, मग त्यातून पैसा कमावतं कोण?

बहुतेक वेळा मूळ गेमची कंपनीच कमावते, कारण मॉड फुकट असला तरी तो चालवायला गेम विकतच घ्यावा लागतो. आर्मा २ बघा, गेम २००९ चा, पण २०१२ मध्ये त्याच्यावर डेझेड हा झॉम्बीवाला मॉड आला आणि तीन वर्षं जुना गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या विक्रीच्या यादीत थेट वर जाऊन बसला, लोक फक्त मॉडसाठी तो घेत होते.

मॉडरला, म्हणजे मॉड बनवणाऱ्याला, थेट पैसे द्यायचा प्रयत्नही झालाय. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम चालवणारी वाल्व आणि स्कायरिम गेमची कंपनी बेथेस्डा यांनी स्कायरिमचे मॉड विकायला काढले, पण वाटणी अशी होती:
- मॉडर २५ टक्के
- वाल्व ३० टक्के
- बेथेस्डा ४५ टक्के

लोक एवढे भडकले की काही दिवसांतच ते बंद करावं लागलं. मला तरी २५ टक्के फारच कमी वाटतात, कारण स्कायरिमचे मेन्यू सुधारणारा स्काययूआयसारखा मॉड घेतला तर सामानाच्या यादीत वजन-किंमतीचे रकाने, वर नाव टाकून शोधायची सोय, हे सगळं पीसीवाल्यांना कंपनीने द्यायला हवं होतं ते फॅन लोकांनी फुकटात करून दिलं.

फक्त एक आहे, मॉडरला कधीच काही मिळत नाही असंही नाही. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये वाल्वच्याच हाफ-लाइफ या गेमचा मॉड म्हणूनच सुरू झाला, पुढे वाल्वने तो विकत घेतला आणि बनवणाऱ्यांना नोकरी दिली, पण असं नशीब हजारात एखाद्याचंच.