‘शेवटचं एकदा फेडून द्या’ म्हणतो, देऊ का?

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. नवरा चौतीस वर्षांचा. मोबाइलवर ‘आयडी’, म्हणजे बुकीकडचं सट्ट्याचं खातं, घेऊन क्रिकेटचा सट्टा लावतो. सासऱ्यांनी दोनदा एफडी मोडून देणी भागवली. आता पुन्हा तगादे सुरू झालेत, माझे तोडे गहाण पडलेत. तो म्हणतो, ‘शेवटचं एकदा फेडून द्या, नाहीतर माझं काही खरं नाही.’ दारू सोडणाऱ्यांचे गट असतात, तसे जुगार सोडणाऱ्यांचे असतात का? तो येणार नाही. मी एकटीने जाऊन काय उपयोग?

उत्तर : ‘माझं काही खरं नाही’ हे आधी घेते. ती नुसती धमकी समजून सोडून देऊ नका, आणि त्या भीतीपोटी पैसेही देऊ नका. जुगाराच्या कर्जात अडकलेल्या माणसाच्या मनात आत्महत्येचे विचार येण्याचा धोका खरोखर असतो. आज रात्रीच सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासूनची. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जास्तच धास्ती वाटली तर मध्यरात्र असो, सरकारी एमवाय हॉस्पिटल गाठा.

आता गटाचं. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस हा गट १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला, दारू सोडणाऱ्यांच्या गटांच्याच धर्तीवर. फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही, जुगार सोडायची इच्छा एवढीच अट. भारतात मोठ्या शहरांत त्यांच्या सभा भरतात, ऑनलाइनही होतात; म्हणजे घरी बसूनही हजर राहता येतं. घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन हा वेगळा गट आहे, आणि त्याला नवऱ्याचा होकार लागत नाही. तुम्ही एकट्या जा, मी तर म्हणेन आधी तुम्हीच जा. तिथे तुम्हाला अशा बायका भेटतील, ज्यांनी हेच वाक्य ऐकून दागिने काढून दिलेत. ‘मीच कुठे कमी पडले’ हे ओझं घरात कुणाला सांगून उतरत नाही, त्यांच्यात बसलं की उतरायला लागतं.

एकरकमी फेडायला हे गट ठाम नकार देतात, आणि माझंही तेच मत आहे. डोक्यावरचं कर्ज उतरलं की जुगाऱ्याला पुन्हा डाव मांडायला मोकळीक मिळते. त्याऐवजी जुने सभासद नवरा-बायकोला घेऊन बसतात आणि सगळी देणी कागदावर उतरवतात. घरखर्च आधी बाजूला, मग उरलेल्यातून प्रत्येकाला थोडं थोडं, आणि फेडायचं ज्याने केलं त्यानेच. समुपदेशनाच्या कामात अशा याद्या मीही करून घेतल्या आहेत. बँक, लोन ॲप, ऑफिसातला मित्र भराभर लिहिले जातात. मग पेन थांबतं. बऱ्याच वेळाने खाली एक नाव येतं, धाकट्या बहिणीचं, आणि बायकोला ते तेव्हाच कळतं.

यादी पुरी झाली का, हे ताडून बघा. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात बँकांची आणि नोंदणीकृत ॲपची कर्जं दिसतात. ती फेडावीच लागतील. सट्ट्याच्या पैशाचं तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. सट्टा घेणाऱ्या खाईवालाचा माणूस दारात येऊन दमदाटी करू लागला तर सासऱ्यांनी पाकीट काढू नये, पोलीस चौकी गाठावी.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण तेवढ्यावर विसंबू नका. असले ‘आयडी’ चोरूनच चालतात.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात किंवा एमवायच्या मानसोपचार विभागात दाखवा. बोलून करायचे उपचार आहेत, गरज वाटली तर डॉक्टर औषधही देतात. तो ‘मी काय वेडा आहे का’ म्हणेल. वाद घालू नका. ‘झोप लागत नाही, तेवढं तरी दाखवू’ म्हणून न्या. झोप उडालेली असणारच.

तोवर पगार तुमच्या एकटीच्या खात्यात वळता करा, त्याच्या मोबाइलमधलं यूपीआय बंद करा, आणि घराची कागदपत्रं तुमच्या माहेरी ठेवा.