कापलेला पट्टा आणि केपवाला उंदीर

तुमच्या मावशींच्या तळघरात सापडलेल्या जुन्या अमेरिकी कॉमिकच्या अंकाचे फोटो पाहिले. तुमचे प्रश्न तीन: हा उंदीर कोण, मुखपृष्ठाचा वरचा पट्टा घरातल्या उंदरांनी खाल्ला का, आणि मुखपृष्ठ सोडवून फ्रेम करावं का. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच खरी गंमत आहे.

उंदरांनी खाल्लेली कडा वेडीवाकडी असते. तुमच्या अंकाची कडा सरळ आहे, कोणीतरी पट्टी धरून कापल्यासारखी. अमेरिकेत त्या काळी न खपलेला अंक वितरकाकडे अख्खा परत पाठवायचा खर्च परवडत नसे. म्हणून स्टॉलवाला मुखपृष्ठावरचा नावाचा पट्टा कापून पुरावा म्हणून पाठवायचा आणि पैसे वळते करून घ्यायचा. उरलेला अंक रद्दीत जाणं अपेक्षित होतं. पण रद्दीत कोण टाकतो? स्वस्तात विकला जायचा, नाहीतर घरच्या पोरांना मिळायचा. म्हणजे तुमचा अंक कागदोपत्री कधीच नष्ट झालेला आहे! संग्राहक असल्या प्रतीला फारशी किंमत देत नाहीत, तेव्हा त्यातून विमानाचं तिकीट निघेल ही आशा सोडा.

आता उंदीर. पिवळा पोशाख आणि लाल केप, म्हणजे हा बहुतेक माइटी माउस. 'बहुतेक' म्हणतोय, कारण केप घालून उडणारे उंदीर तेव्हा एकाहून जास्त होते. याच्या नावाचा घोळ तर ऐकण्यासारखा आहे. पॉल टेरी यांच्या टेरीटून्स स्टुडिओने १९४२ साली कार्टूनमध्ये आणला तेव्हा याचं नाव होतं सुपर माउस. सुपरमॅनची सरळसरळ टवाळी, सुरुवातीचा पोशाखही निळा आणि केप लाल. त्याच सुमारास 'कू कू कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात दुसऱ्याच प्रकाशकाचा सुपरमाउस अवतरला. एका म्यानात दोन उंदीर कसे राहणार? १९४४ मध्ये टेरीवाल्यांनी आपल्या उंदराचं नाव बदललं. पुढे १९५६ नंतर काही वर्षं माइटी माउसचं कॉमिक छापलं ते पाइन्सने, म्हणजे त्या दुसऱ्या सुपरमाउसच्याच मालकाने. भाऊबंदकीतला दावा संपून दोघं एकाच ओसरीवर यावेत तसं.

तिसरा होता ॲटॉमिक माउस, चार्लटन कंपनीचा, १९५३ चा, चित्रकार अल फॅगो. याची ताकद कशात? यू-२३५ च्या गोळ्यांत! हिरोशिमाला आठ वर्षंही झाली नव्हती आणि पोरांच्या कॉमिकमधला उंदीर युरेनियम गिळून उडत होता. दोन वर्षांनी त्याच फॅगोने ॲटॉमिक रॅबिट आणला, त्याची गाजरं यू-२३५ ची. मला या मालिकेची चित्रं बेताचीच वाटतात, पण त्या काळाचं डोकं कसं चालत होतं हे यातून जितकं कळतं तितकं गंभीर लेखांतून कळत नाही.

सशांचं एक वेगळंच प्रकरण आहे. फॉसेट या प्रकाशकाच्या 'फनी ॲनिमल्स'च्या पहिल्या अंकात (डिसेंबर १९४२) हॉपी नावाचा ससा 'शझाम' हा मंत्र म्हणून मार्व्हल बनी होतो. त्या मुखपृष्ठावर फॉसेटचा गाजलेला सुपरहिरो, खुद्द कॅप्टन मार्व्हलला उभा केलाय, गाजलेला नट नव्या पोराला हात धरून रंगमंचावर आणतो तसा. चित्रकार चॅड ग्रोथकॉफ यांचा तो ससा मला या सगळ्यांत देखणा वाटतो. पण सुपरमॅनच्या मालकांनी कॅप्टन मार्व्हलवर खटला भरला, १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून कॉमिक्सचा धंदाच गुंडाळला आणि मोठ्यांच्या भांडणात सशाचंही दुकान बसलं. पुढे चार्लटनने त्याला 'मॅजिक बनी' म्हणून छापलं. मंत्रही बदलला, 'अलिझाम'. नाव गेलं, मंत्र गेला, कान तेवढे राहिले.

तुमच्या मुखपृष्ठाबद्दल. स्टॉलवर अंक एकमेकांवर चढवून लावलेले असत, ग्राहकाला दिसायचा तो वरचा पट्टाच. म्हणून नाव तिथे मोठ्ठं, आणि म्हणूनच पुरावा म्हणून तोच कापला जायचा. खालचं चित्र अंक उपसून हातात घेतल्यावरच दिसे. तेव्हा एका नजरेत हसू आलं पाहिजे: सपाट पार्श्वभूमी, चिमुकला नायक, त्याच्या दसपट मोठं ओझं किंवा मांजर, शब्द जवळजवळ नाहीतच. आतल्या गोष्टीशी त्या चित्राचा संबंध असेलच असं नाही. आपल्या विनोदी दिवाळी अंकांचं मुखपृष्ठ जसं स्वतःच एक व्यंगचित्र असतं, तसंच हे. तुमच्याकडे पट्टा गेला आणि विनोद तेवढा उरलाय. मला तर ते आवडलं.

नक्की कुठला अंक हे शोधायचं तर मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपातला मजकूर बघा. नाव, अंक क्रमांक, महिना, प्रकाशक तिथे असतात. माइटी माउसच असेल आणि प्रकाशक सेंट जॉन असेल तर १९४७ ते १९५६ मधला. महिना छापलेला असतो त्याच्या दोन-तीन महिने आधीच अंक स्टॉलवर यायचा, हेही लक्षात ठेवा. आणि त्याच्या आधीचा प्रकाशक टाइमली निघाला तर १९४५ ते १९४७ चा सुरुवातीचा काळ, मग मात्र मला लगेच कळवा.

फ्रेमसाठी स्टेपल काढू नका. मुखपृष्ठ उत्तम स्कॅन करून त्याची प्रिंट भिंतीवर लावा. लॅमिनेशन तर अजिबात नको. चिकटपट्टीही नको, मी कॉलेजात असताना एका ससोबाच्या अंकाच्या पाठीवर हौसेने लावली होती, आता तिथे चहा सांडल्यासारखा डाग आहे आणि पट्टी कधीच गळून पडलीये. मायलारची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभा ठेवा. मुंबईत आणलात तर पावसाळ्यात लोखंडी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याकाठी बदला. स्टेपलचा गंज कागदात उतरला की मग काही करता येत नाही.

तळाच्या त्या बारीक मजकुराचा फोटो टाका, बाकीचं मग बघू.