दोन दिवस आणि एक ओळ

"ताई, मला कोडिंग येतच नाही बहुतेक, इतकी वर्षं नुसतं निभावून नेलंय. फील्ड सोडू का?" इंदौरात बऱ्याच मुलामुलींनी हे मला विचारलंय, म्हणून एकाची गोष्ट सांगते, त्याला विचारूनच आणि ओळखीच्या खुणा बदलून.

तिशीच्या आतला, घर रामबागेकडे, ऑफिस विजयनगरला, त्यात आठवड्याचे तीन दिवस घरून काम. आईच घेऊन आली. म्हणाली, धड जेवत नाही, मित्र रात्री सराफ्यात खायला बोलावतात तर जात नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग निघालं की मागच्या आठवड्यात एका बगमागे, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीमागे, दोन दिवस गेले, फॉर्ममध्ये भरलेली जन्मतारीख सर्व्हरवर एक दिवस मागची दिसायची आणि याच्या लॅपटॉपवर अगदी बरोबर. शेवटी कळलं की तारीख रात्री बाराची वेळ धरून सेव्ह होते, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. बदल केला एका ओळीचा. सकाळच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, सर म्हणाले, "एका ओळीला दोन दिवस?" सहज म्हणाले असतील, पण याला रात्री तीनपर्यंत झोप नाही.

मला कोड कळत नाही. मी म्हटलं, त्या दोन दिवसांत काय काय केलंस ते सगळं सांग. तर पाऊण तास बोलत होता! डेटाबेस तपासला, ब्राउझर बदलून पाहिले, नोकरी सोडून गेलेल्या कोणाचा तरी जुना कोड वाचला ज्यात समजावून सांगणारी एक कमेंट नाही, मध्ये मीटिंगा, दुसऱ्याचं अडलेलं काम, आणि घरातून "अरे घरीच आहेस ना, सिलेंडरवाला आलाय बघ". यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या हिशेबातसुद्धा फक्त ती एक ओळ होती.

मग वही ठेवायला सांगितली, रोज संध्याकाळी लिहायचं की आज काय तपासलं, काय बाद झालं, कितीदा उठावं लागलं. आणि "कधी होईल?" विचारलं की तिथल्या तिथे तारीख द्यायची नाही, "बघून दुपारपर्यंत सांगतो" म्हणायचं. हे दुसरं त्याला फार जड गेलं, पहिले दोन आठवडे तोंडातून निघेचना. आईला वेगळं बसवून म्हटलं, दार लावलेलं असलं की तो विजयनगरला आहे समजा. तिला थोडं लागलं ते.

हा बर्नआउट का, असंही विचारतात लोक. डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, तो आजार म्हणून नाहीये, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे: थकवा, कामावरून मन उडणं, आपल्याच्यानं होत नाही असं वाटणं. याच्यात हे तिसरं जोरात होतं. पण झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली किंवा जगणंच नको वाटलं तर वहीवर थांबू नका प्लीज, डॉक्टरांकडे जा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तासांत कधीही फोन करा, पैसे लागत नाहीत.

दीड महिन्याने वही घेऊन आला. एका पानावर लिहिलेलं, "पाच शक्यता, चार बाद", स्टँडअपमध्येही आता असंच सांगतो म्हणे. सर अजून तारीख मागतातच. त्यात नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली आणि संध्याकाळचा साडेसहाचा कॉल साडेसातवर आला, त्यावर इतका वैतागला होता की अर्धा तास तेच चाललं. "मला येत नाही" हे त्यात एकदाही आलं नाही.