वाचकांचे प्रश्न : पाण्यातली औषधं आणि माती

प्रश्न : बेंटोनाइट या चिकणमातीने पाण्यातलं सिप्रोफ्लॉक्सासिन (प्रतिजैविक) बरंचसं निघालं, डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) मात्र जवळपास तसंच राहिलं. माती भेसळीची आहे का?

उत्तर : माती ठीक आहे, फरक औषधांच्या विद्युतभारात आहे. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांत काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियम घेतं, म्हणून पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार असतो. तो भागवायला सोडियम, कॅल्शियमचे धनभारित कण (आयन) मधे बसलेले असतात. धनभारित औषध त्यांना हुसकावून जागा पटकावतं. सिप्रोफ्लॉक्सासिन 6 पेक्षा कमी सामूला (pH) धनभारित असतं. डायक्लोफिनॅक 4 च्या वरच्या सामूला ऋणभारित होत जातं, त्यामुळे माती त्याला दूरच लोटते. चतुर्थक अमोनियम क्षार (कायम धनभार असलेला सेंद्रिय क्षार) मुरवलेली माती डायक्लोफिनॅक धरते, पण तो क्षार पाण्यात झिरपला तर जलचरांना घातक. एवढ्या खटाटोपापेक्षा सक्रिय कोळसा बरा.

चाचणी पुन्हा करा. औषधाच्या 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या 50 मिली द्रावणात 50 मिलिग्रॅम माती घाला, 24 तास अंधारात हलवत ठेवा आणि सामू आधी व शेवटी मोजा. सोबत दोन बाटल्या हव्यातच : एकीत औषध पण माती नाही, दुसरीत माती पण औषध नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन उजेडात विघटित होतं आणि ती घट मातीच्या खात्यावर जमा होते. बहुतेकांची आकडेमोड इथेच फसते. ऊर्ध्वपातित पाण्यावर खूश होऊ नका. जड पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याच जागांसाठी झगडतात, त्यामुळे खऱ्या सांडपाण्यात आकडा घसरतो. शिवाय नदीनाल्यांत औषधं सहसा लिटरमागे मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतात, तुमच्या बाटलीत मिलिग्रॅम आहेत.

प्रश्न : माती खाली बसत नाही, गाळणकागद तुंबतो. उपाय?

उत्तर : ही सोडियम बेंटोनाइट असणार, ती फुगून पाण्यात तरंगत राहते. अपकेंद्री यंत्र (सेंट्रिफ्यूज) वापरा. गाळणीचा पडदाही औषध धरू शकतो, म्हणून गाळायचंच असेल तर पहिले काही मिली टाकून द्या. कॅल्शियम बेंटोनाइट कमी फुगते, लवकर बसते. स्तंभात (माती भरून वरून पाणी सोडायच्या नळीत) नुसती भुकटी भरलीत तर पाणी अडेल. वाळूत मिसळा किंवा भाजलेले दाणे वापरा.

प्रश्न : वापरलेली माती कुंडीत टाकली तर?

उत्तर : टाकू नका. खारं पाणी लागलं किंवा सामू बदलला, की धरलेलं औषध पुन्हा सुटतं. ती घातक कचरा म्हणून उच्च तापमानाच्या भट्टीत जाळायला द्या.