मग सीमेवर पोरं कशाला?

प्रश्न : माझा मुलगा फौजेत आहे. यापुढची लढाई कॉम्प्युटरवरच होणार, असं गावात म्हणतात. मग सीमेवर पोरं कशाला लागतील?
— एक आई, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, मी फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संपर्काच्या तुकडीत होतो, आता वावर पाहतो. पोरं लागतीलच. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हॅकरांनी वीज कंपन्यांच्या यंत्रणेत शिरकाव केला. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता, ब्रेकर पडत होते. सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात गेले. पण माणसं उपकेंद्रांवर धावली, हातानं ब्रेकर चढवले, काही तासांत वीज आली. ओलिताच्या दिवसांत आपला लाइनमन रात्री डीपीवर येतो, अगदी तसंच.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसायच्या तासभर आधी उपग्रह इंटरनेटचे मोडेम निकामी केले गेले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचाही दूरसंपर्क तुटला! तरी गावं घ्यायला रणगाडेच आले. शत्रूचा संपर्क तोडणं हे लढाईतलं जुनंच काम. आम्ही तारा जपायचो, आता मोडेमही जपावे लागतात.

फोनवरून शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून, मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या फोनमधलं लोकेशन बंद आहे का, तेवढं मात्र आठवणीनं विचारा.