वाचकांचे प्रश्न : पहिली वीट कोणी फेकली?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल उठावात पहिली वीट मार्शा पी. जॉन्सन या कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्रीने फेकली, असे दरवर्षी जूनमध्ये वाचनात येते. हे खरे आहे का? आणि नावातला ‘पी’ कशाचा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वीट मार्शांनी फेकली, असे खुद्द त्यांचेच म्हणणे नव्हते. २८ जून १९६९ च्या पहाटे ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील स्टोनवॉल इन या समलिंगी मंडळींच्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि एरवी मुकाट्याने पांगणारी मंडळी त्या रात्री पांगली नाहीत. आपण दोनच्या सुमारास पोहोचलो तेव्हा दंगल आधीच पेटलेली होती, असे त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. मार्शा त्या उठावात होत्या, याविषयी मात्र दुमत नाही.

माझ्या मते विटेच्या आख्यायिकेने त्यांच्यावर अन्यायच होतो, कारण त्यांचे काम एका रात्रीत आटोपणारे नव्हते. १९४५ मध्ये न्यू जर्सीतील एलिझाबेथ गावी जन्मलेल्या मार्शा शाळा संपताच पंधरा डॉलर आणि कपड्यांची एक पिशवी घेऊन न्यूयॉर्कला आल्या. फूलबाजारात, फुले निवडण्याच्या टेबलांखाली त्या झोपत आणि तिथली उरलीसुरली फुले केसांत माळून हिंडत. १९७० मध्ये सिल्व्हिया रिव्हेरा या मैत्रीण आणि सहकार्यकर्तीसह त्यांनी ‘स्टार’ (स्ट्रीट ट्रान्सव्हेस्टाइट ॲक्शन रेव्होल्युशनरीज) ही संघटना काढली. (‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, मार्शा स्वतःला ‘क्वीन’, म्हणजे स्त्रीवेशात वावरणारी व्यक्ती, म्हणवत.) घरातून हाकललेल्या मुलांसाठी या दोघींनी आधी एका बेवारस ट्रेलरमध्ये आणि मग ईस्ट सेकंड स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत आसरा उभा केला. मुलांना रस्त्यावर देहविक्रय करावा लागू नये म्हणून त्या स्वतः तो करीत आणि त्यातून भाडे भरीत. तरीही १९७१ मध्ये ते घर हातचे गेलेच.

आपल्यांतल्यांनीही त्यांना दूर लोटले. स्टोनवॉलच्या स्मरणार्थ दरवर्षी निघणाऱ्या समलिंगींच्या मोर्चात, १९७३ मध्ये, आयोजकांनी ‘ड्रॅग क्वीन’ना मज्जाव केला, तेव्हा मार्शा आणि सिल्व्हिया मोर्चाच्याही पुढे चालू लागल्या. एड्सच्या साथीत त्यांनी आजारी मित्रांची शुश्रूषा केली आणि एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या ‘ॲक्ट अप’ या संघटनेच्या आंदोलनांतही भाग घेतला.

‘पी’ म्हणजे ‘पे इट नो माइंड’, तिकडे लक्षच देऊ नका. तुम्ही पुरुष की स्त्री, असे विचारणाऱ्याला त्यांचे हेच उत्तर असे. एकदा कोर्टात न्यायाधीशांनी ‘पी’चा अर्थ विचारला तेव्हाही त्यांनी तेच सांगितले आणि न्यायाधीशांना हसू फुटले, असा किस्सा आहे.

६ जुलै १९९२ रोजी हडसन नदीत त्यांचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आत्महत्या अशी नोंद करून प्रकरण मिटवले. मित्रमैत्रिणींनी ते कधीच मान्य केले नाही, आणि अखेर २०१२ मध्ये पोलिसांना ती फाइल पुन्हा उघडावी लागली.