आधी यादी, मग मतपेटी

इंदूर

प्रिय बेटा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेच्या निर्वाचन साक्षरता क्लबचं काम तुझ्याकडे आलं आणि नववी ते बारावीची निवडणूक घ्यायची ठरली, हे वाचून फार बरं वाटलं. मतपेटी कुठून आणायची, असं तू विचारलंस. पेटी पत्र्याच्या डब्याचीही होते, तू आधी यादीकडे बघ. बऱ्याच शाळांत हजेरीपटालाच मतदार यादी मानतात. मुलं रांगेत उभी राहतात, चिठ्ठी टाकतात, निकाल लागतो, टाळ्या होतात. निवडणूक सुरू होते ती यादीपासून, आणि बिघडते तीही तिथेच. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून गळली, कारण स्वतःचं नाव न सांगता त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं. पहिल्याच तासाला हे सांग.

तीन आठवडे हाताशी ठेव आणि त्यातला पहिला संपूर्ण यादीला दे. मतदार यादीत नवं नाव घालायच्या सरकारी अर्जाच्या, म्हणजे फॉर्म ६ च्या धर्तीवर एक पानी अर्ज काढ: पूर्ण नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, वर्ग, सही. जो भरेल त्याचंच नाव लागेल. चार-दोन मुलं आळसाने राहतील, त्यांच्या मागे लागू नकोस. कच्ची यादी फलकावर लाव आणि हरकतींसाठी तीन दिवस दे. नावावर आक्षेप असेल तर फॉर्म ७, दुरुस्ती असेल तर फॉर्म ८, हे इथेच आपोआप शिकवून होतं. एकाच नावाची दोन मुलं, टीसी घेऊन गेलेला मुलगा, मधेच आलेली मुलगी, सगळं त्या तीन दिवसांत वर येतं. आपल्याकडे यादी हिंदीत निघते, त्यामुळे घरचे काळे तिथे ‘काले’ होऊन बसतात. ओळख पटत असेल तर अशा किरकोळ चुकीसाठी कुणाला परत पाठवायचं नाही, हा निवडणूक आयोगाचाही दंडक आहे. पक्की यादी लागल्यावर मात्र एकही नाव घालू नकोस, मग ते मुख्याध्यापकांच्या मुलाचं का असेना. खऱ्या निवडणुकीतही उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत भर पडत नाही.

याच आठवड्यात प्रत्येकाला आपला मतदारसंघ शोधायला लाव. इंदूर लोकसभेत आठ विधानसभा येतात: इंदूर १ ते ५, राऊ, सांवेर आणि देपालपूर. महू हे इंदूर जिल्ह्यातलं, पण लोकसभेला धारमध्ये. महूहून येणारी मुलं हे ऐकून चकित होतात. महापौर आणि पार्षदांची निवडणूक राज्य निर्वाचन आयोग घेतो, भारत निर्वाचन आयोग नाही, हेही तिथेच सांग.

उमेदवारांचं थोडक्यात. खर्चाची मर्यादा ५० रुपये आणि हिशेबाची वही सक्तीची, नाहीतर रंगीत स्टिकरं वाटणारा निवडून येतो. (लोकसभेला आपल्याकडे ही मर्यादा ९५ लाख आहे.) चिन्हं पाटी, घंटा, कंपासपेटी अशी दे. कोणत्याही पक्षाचं चिन्ह शाळेत नको. घरचे कुणाला मत देतात, हे चुकूनही विचारू नकोस.

मतदान कागदावर घे. ॲपवर सगळं झटपट होतं, पण मोजणी डोळ्यांना दिसत नाही. एका मुलाला सुमारे ४० सेकंद लागतात, म्हणजे ४० मिनिटांच्या तासात एका केंद्रावर ६० मुलं. २४० मतदार असतील तर दोन केंद्रं आणि दोन तास. पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना आक्षेप घेता येतो. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही घेतो. तिसरा मतपत्रिका देतो. तिच्या मागे केंद्राध्यक्षाची सही हवी, बिनसहीची बाद. बोगस मतदान होऊ नये म्हणून काही शिक्षक मतपत्रिकेवर रोल नंबर लिहितात. तसं कधीच करू नकोस, गुप्तता तिथेच संपते. खूण पेनने नको, रबरी शिक्क्याने करायची. पेन दिलं की मुलं नावं लिहितात, बदाम काढतात. कागद आधी उभा आणि मग आडवा दुमडायचा, म्हणजे ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात उमटत नाही. मतदानाच्या आडोशामागे खिडकी नसावी, आणि शिक्षक तर नसावाच.

ईव्हीएमची माहिती एका तासात होते. बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), कंट्रोल युनिट (अधिकाऱ्याकडे असतं ते), व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) आणि त्यात सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. मतदानाआधी किमान ५० मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान होतं. ते झाल्यावर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं त्याच क्रमाने दाबायची असतात. क्लिअर केल्याशिवाय चाचणीची मतं यंत्रातून पुसली जात नाहीत. तुझ्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी बीएलओ (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) असेलच, हा तास त्यांना घेऊ दे.

आता मोजणी. माझ्या मते शिकवण्याचा खरा तास हाच, त्यामुळे शाळा सुटायच्या घाईत उरकू नकोस. पेटी उघडण्याआधी तीन आकडे फळ्यावर लिही: नोंदवहीतल्या सह्या, दिलेल्या मतपत्रिका, उरलेल्या मतपत्रिका. पेटीतले कागद सह्यांशी जुळले पाहिजेत. एक कमी भरला तर कुणी मतपत्रिका खिशात घालून नेली असेल किंवा दोन एकमेकींना चिकटल्या असतील. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नकोस. मग २५-२५ चे गठ्ठे. बाद मतं कोणती, हे आदल्या दिवशीच लिहून लाव, आणि प्रत्येक बाद कागद प्रतिनिधींना दाखव. बरोबरी झाली तर चिठ्ठी काढायची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ मध्ये हीच सोय आहे.

मतपत्रिकेवर नोटा, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ हा पर्याय ठेव. इंदूरची मुलं त्याबद्दल विचारणारच, कारण २०२४ च्या लोकसभेला इथे नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि तो दुसऱ्या स्थानावर आला. एका प्रमुख पक्षाच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला होता आणि त्या पक्षाने नोटाचं आवाहन केलं होतं. तेवढं सांगून थांब, बरोबर की चूक ते त्यांना बोलू दे. पण नियम स्पष्ट कर: लोकसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमधला पहिलाच निवडून येतो.

बारावीच्या मुलांचं काम वेगळं आहे. सतरा पूर्ण झाले की खऱ्या मतदार यादीत नाव घालायचा अर्ज आगाऊ करता येतो. अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात त्या तारखा, वर्षात चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १५ मेला अठरा पुरी होणाऱ्या मुलीचं नाव १ जुलैच्या तारखेने लागतं. हॉस्टेलमधल्या मुलांना गावी किंवा इथे, कुठेही नाव लावता येतं, मात्र एकाच ठिकाणी. इथे लावायचं तर मुख्याध्यापकांचं बोनाफाइड जोडावं लागतं, ते आधीच छापून ठेव. अडलं तर मतदार हेल्पलाइनला, १९५० वर, फोन कर.

निकालानंतर मतपत्रिका सीलबंद करून आठवडाभर ठेव. कुणी लेखी हरकत घेतली तर सगळ्यांसमोर पुन्हा मोज. कच्ची यादी फलकावर लागली की मला पाठव. किती हरकती आल्या तेही कळव, एकही आली नसेल तर आणखी दोन दिवस वाढवू.

तुझे,
काका